न दिसणारं रक्त

पोलीस भरतीचे दिवस आले की मुंबईतल्या नायगावचं पोलीस मैदान उजाडायच्या आत जागं होतं. बीडहून, नंदुरबारहून, गडचिरोलीहून आलेली मुलं. काहींनी रात्र फुटपाथवर बॅग उशाला घेऊन काढलेली असते. धावणं आटोपलं की गोळाफेकीची रांग लागते. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मी याच भागात वाढलो, आणि मैदानावर सराव करणाऱ्या पोरांना गोळा फेकताना पाहत उभं राहायची सवय लहानपणापासूनची. नजर गोळ्यावर नसते, तोंडावर असते. गोळा मानेला टेकतो, गुडघे वाकतात, गाल फुगतात, ओठ घट्ट मिटतात, मानेवरची शीर दोरीसारखी वर येते, चेहरा लालबुंद होतो. मग एक हुंकार, आणि गोळा मातीत धप्पकन रुततो. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

हजारो मुलं असा गोळा फेकतात आणि त्यांना काहीही होत नाही. पण फार क्वचित, एखाद्याला फेक झाल्यावर मान वर करताच एका डोळ्यासमोर तांबूस-काळा डाग दिसतो. डोळा चोळला तरी डाग हलत नाही. समोरच्या मित्राचे कान दिसतात, खांदे दिसतात, नाक-तोंडाच्या जागी मात्र काहीच नाही. दुखत नाही, पाणी येत नाही. मित्र डोळ्यात वाकून बघतो, तर डोळा स्वच्छ पांढरा. "काही नाही रे, माती गेली असेल, पाणी मार." पाणी मारतात. डाग तसाच.

या प्रकाराला डॉक्टर वाल्साल्वा रेटिनोपॅथी म्हणतात. नाव अंतोनियो मारिया वाल्साल्वा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचं. हा माणूस 1666 ते 1723 या काळातला, बोलोन्याचा, आणि त्याचा अभ्यास डोळ्याचा नव्हे, कानाचा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून जोरात श्वास सोडायचा प्रयत्न केला की हवा कानात शिरते, हे त्याने 1704 साली आपल्या कानावरच्या ग्रंथात लिहिलं. कानात साचलेला पू बाहेर काढायचा हा उपाय होता. विमानात कानाला दडे बसले की आपण हेच करतो. गोळा फेकताना, गव्हाचं पोतं उचलताना, शौचाला कुंथताना नाक धरायची गरज पडत नाही. घशातलं श्वासाचं दार आपोआप मिटतं, छाती-पोटाचे स्नायू आवळतात आणि आतली हवा कोंडली जाते. आपल्याकडे याला साधा शब्द आहे: दम कोंडणं.

दम कोंडला की छातीतला दाब वाढतो. डोक्याकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट छातीतूनच जाते. तिथे दाब चढला की ते रक्त खाली यायचं थांबतं आणि मागे तुंबतं, पावसाळ्यात हिंदमाता चौकातल्या गटारांचं पाणी तुंबतं तसं. पायांतल्या शिरांना जागोजागी झडपा असतात, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. डोक्याकडून येणाऱ्या शिरांना अशा झडपांचा आधार जवळजवळ नाहीच. मग चढलेला दाब थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या केसापेक्षा बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. त्याच वेळी धमन्यांतला दाबही चढलेला असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वजन उचलणाऱ्या तरुणांच्या धमनीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला गेला. 1985 साली प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे वाचून मी थबकलो. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी रक्तदाब 320 वर 250 भरला, आणि एका तरुणाचा तर 480 वर 350. दवाखान्यात 180 दिसलं तर आपण घाबरून जातो. तोल सांभाळणारी निरोगी शरीरं हे काही क्षण निभावून नेतात, म्हणूनच व्यायामशाळा रोज सुखरूप चालतात.

सगळीकडच्या नळ्या टिकतात, मग डोळ्यातलीच का फुटते? याचं उत्तर पडद्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जो पातळ थर असतो त्याला पुस्तकात दृष्टिपटल म्हणतात आणि दवाखान्यात सगळे नुसतं 'पडदा' म्हणतात. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं ही कामं पडद्याच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या खळग्यावर चालतात. त्या खळग्याच्या ऐन मध्यात रक्तवाहिनी नसतेच, कारण तिथे तिची सावलीसुद्धा परवडणारी नाही. त्या मध्याभोवती मात्र अतिबारीक केशवाहिन्यांचं कडं असतं. दाब चढला की यातली एखादी फुटते, आणि फुटलेलं रक्त पडद्याच्या सर्वांत वरच्या, जेमतेम काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या पापुद्र्याखाली साचतं. पुरणपोळीचा पापुद्रा फुगावा तसा तो फुगतो. रक्त थेंबभरसुद्धा नसतं, पण बसतं नेमकं खिडकीच्या मध्यावर.

1972 साली थॉमस ड्वेन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने या प्रकाराचं सविस्तर वर्णन करून त्याला आजचं नाव दिलं. तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलेली निमित्तं वाचली तर त्यात आपलं रोजचं जगणंच दिसतं: जड वजन उचलणं, खोकल्याची उबळ, सलग उलट्या, बद्धकोष्ठात कुंथणं, फुगे फुगवणं, तुतारीसारखं वाद्य जोर लावून वाजवणं, बाळंतपणातल्या कळा. बीडीडी चाळींत वाढलेल्या कोणालाही यातलं काही परकं वाटणार नाही. नायगावातल्या 42 चाळी 1920च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. पाण्याची वेळ गाठून भरलेले हंडे चढवणाऱ्या बायका, बाहेर रांग खोळंबली म्हणून घाईघाईने कुंथणारे म्हातारे, धूळ आणि कापसाच्या तंतूंनी रात्रभर खोकणारे गिरणी कामगार. त्यांच्या डोळ्यांत काय काय घडून गेलं असेल याची नोंद कुठेच नाही. "एका डोळ्याने जरा अंधूक दिसतं" यापलीकडे कोणी काही बोललं नसणार, आणि दुसरा डोळा काम निभावून नेत राहिला असणार.

इथे थोडं थांबतो, कारण खरा घोटाळा इथेच होतो.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना एकदा आठवडाभर ढांग्या खोकला झाला. एका सकाळी त्या उठल्या तर उजवा डोळा रक्ताने माखल्यासारखा. बुबुळाभोवतीचं पांढरं कुठे दिसेचना. सगळी गॅलरी गोळा झाली. कोणी म्हणालं बीपी, कोणी म्हणालं मेंदूची नस फुटली, कोणी मीठ-मिरच्या ओवाळायला घेतल्या. काकूंना दिसत मात्र अगदी नीट होतं, दुखतही नव्हतं. डॉक्टरांनी पाहिलं, दाब मोजला आणि सांगितलं की पांढऱ्या भागावरच्या पातळ कातडीखालची बारीक शीर खोकल्याने फुटली आहे, दहा-पंधरा दिवसांत रंग ओसरेल. हाताला मार लागून काळंनिळं होतं तसंच हे. आणि खरंच, लाल, मग पिवळट, मग पांढरं होत डोळा पूर्ववत झाला.

जे रक्त बाहेर दिसतं, आख्ख्या चाळीला घाबरवतं, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. जे नजर नेतं ते बुबुळाच्या मागे, बंद खोलीत सांडलेलं असतं. त्याला वेदना नाही, कारण पडद्याला दुखणं कळवणारे मज्जातंतूच नाहीत. त्याला रंग नाही, निदान बघणाऱ्यासाठी. म्हणून लाल डोळ्याचा माणूस रिक्षाने धावत दवाखाना गाठतो आणि पांढऱ्या डोळ्याचा माणूस "उद्या बघू" म्हणतो. हे उलटं व्हायला हवं, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

दुसरा घोटाळा 'जोर लावल्यामुळे झालं' या वाक्यात आहे. जोर हे कित्येकदा नुसतं निमित्त असतं. निरोगी तरुणाच्या पडद्यातली नळी एवढ्या-तेवढ्याने फुटत नाही. ती फुटली, आणि रक्त पापुद्र्याखाली न थांबता डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या काचेसारख्या पारदर्शक जेलीत पसरलं, तर आधीपासून आत काही शिजत होतं का, हे शोधावं लागतं.

याची सर्वांत बोलकी गोष्ट हेन्री ईल्स या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरची. 1880च्या सुमारास त्याच्याकडे काही तरुण आले. डोळ्यांत पुन्हा पुन्हा रक्तस्राव, जोडीला नाकातून रक्त आणि बद्धकोष्ठ. ईल्सने या सगळ्याची सांगड घातली आणि दोष मुख्यतः बद्धकोष्ठाला, म्हणजे शरीरात तुंबलेल्या रक्ताभिसरणाला दिला. त्याचं निरीक्षण अचूक होतं, कारण मात्र वेगळं निघालं. या तरुणांच्या पडद्यातल्या शिरांना सूज येते, कडेच्या भागाचा रक्तपुरवठा आटतो, आणि उपाशी पडदा मदतीसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवतो. या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या की जरा धक्का लागला की फुटतात. ईल्सचा आजार पाश्चात्त्य देशांत आता विरळा झाला, भारतीय उपखंडात मात्र तो आजही भेटतो, आणि भेटतो तो बहुधा विशी-तिशीतल्या पुरुषांना. म्हणजे नेमक्या भरतीच्या वयात. क्षयाशी त्याचं नातं असावं असा संशय फार जुना आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांना अशा रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेल्या ऊतींत क्षयजंतूंच्या डीएनएचे अंश मिळाले. नायगावपासून हाकेच्या अंतरावर शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आहे. इथल्या दाट वस्तीत, एवढ्याशा खोलीत आठ-आठ माणसं झोपत असताना क्षय घरोघर फिरला, हे आम्हाला कोणी सांगायला नको. एखाद्या तरुणाच्या डोळ्यात रक्त सांडलं तर डॉक्टर छातीचा एक्स-रे का सांगतात, याचं उत्तर या इतिहासात आहे.

चाळिशी-पन्नाशीपुढे चित्र बदलतं. तिथे पहिला संशयित मधुमेह. वर्षानुवर्षं वाढलेली साखर पडद्यातल्या केशवाहिन्या बुजवत जाते, पुन्हा त्याच कच्च्या वाहिन्या उगवतात आणि एक दिवस फुटतात. यात जोर लावलेलाच असतो असं नाही. पुष्कळदा माणूस झोपेतून उठतो आणि एका डोळ्यासमोर धुराची वलयं किंवा काळी कोळिष्टकं तरंगत असतात. उच्च रक्तदाबाने पडद्यातली शीर तुंबणं हेही एक कारण. चष्म्याचा मोठा मायनस नंबर असलेल्यांत पडद्याला चीर पडते आणि चिरेवरून जाणारी रक्तवाहिनी फाटते. सिकलसेलचा आजार असलेल्यांतही कच्च्या वाहिन्या उगवतात; हा आजार जिथे जास्त आढळतो त्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलाच्या डोळ्यात रक्त आलं तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि अलीकडे एक नवं संकट आलं आहे. 2023च्या गणेशोत्सवातल्या मिरवणुकांनंतर नाशिकमध्ये काही तरुण अंधूक नजर घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या पडद्यांवर लेझर दिव्यांनी झालेल्या इजा आढळल्या. पुढच्या वर्षी कोल्हापूरकडूनही मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यात रक्तस्राव झाल्याची बातमी आली. लालबाग-परळच्या मिरवणुकीत दिवसभर ढोल वाजवलेल्या पोराला रात्री एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर कारण कोंडलेला दम की चमकलेला लेझर, हे त्याला स्वतःला सांगता येणार नाही. पडदा बघितल्याशिवाय डॉक्टरलाही नाही.

पडदा बघणं म्हणजे काय? 1851 साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याचं यंत्र जगापुढे मांडलं, त्याआधी ही खोली बंदच होती. आज परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नेत्रविभागात बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसवतात, मग डोक्याला दिवा बांधलेला डॉक्टर भिंग धरून आत पाहतो. वाल्साल्वाचा रक्तस्राव त्याला ओळखू येतो तो आकारावरून. पापुद्र्याखालचं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली बसतं, वर सपाट पातळी धरतं आणि एखाद्या होडीसारखं दिसतं. रक्त सगळ्या जेलीत पसरलं असेल तर मात्र पडदा दिसतच नाही. तेव्हा पोटाची करतात तशी डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे की सुटला आहे, ते पाहतात. सगळी घाई या एका गोष्टीसाठी. पडद्याला नुसती चीर असेल तर ओपीडीत बसल्या बसल्या लेझरने तिच्याभोवती टाके घातल्यासारखे डाग देता येतात. तीच चीर सोडून दिली आणि पडदा सुटला, तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि नजर किती परतेल याची खात्री उरत नाही.

साध्या वाल्साल्वाच्या रुग्णाला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. हे ऐकून नातेवाईक नाराज होतात. "निदान एखादं ड्रॉप तरी लिहून द्या." पण रक्त शरीरच शोषून घेतं, काही आठवड्यांत, कधी महिन्यांत. डोकं उंच ठेवून झोपायचं, दोन उश्या घ्यायच्या, म्हणजे रक्त खाली बसतं. वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, त्यासाठी पोट साफ ठेवायचं, खोकला असेल तर त्यावर औषध घ्यायचं. डोळा चोळायचा नाही, गुलाबपाणी किंवा मध घालायचा नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगायचं, पण आपल्या मनाने बंद करायची नाही. डोळ्यातला थेंब सावरायला जाऊन हृदयाचा झटका ओढवून घेण्यात अर्थ नाही. साठा मोठा आणि ताजा असेल तर लेझरने पापुद्र्याला खालच्या बाजूने टाचणीएवढं छिद्र पाडतात. रक्त बाहेर जेलीत उतरतं आणि मधली खिडकी मोकळी होते.

जेलीत भरलेलं रक्त हटतच नाही, त्या रुग्णांचं 1970 पूर्वी फारसं काही होऊ शकत नव्हतं. डोळा उघडून जेली काढणं म्हणजे डोळा गमावणं, असं मानलं जाई. त्या वर्षी मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक नळी आत घालून, आतल्या आत जेली कापत आणि शोषून घेत, तिच्या जागी पाणी भरत ही शस्त्रक्रिया बंद डोळ्यात करून दाखवली. त्यांची नळी बरीच जाड होती. आता अर्ध्या मिलिमीटरच्या नळीने काम होतं आणि बऱ्याचदा टाकाही लागत नाही.

मग जोर लावायचाच नाही का? ज्यांच्या पोटात भाकरी जोर लावल्यावरच पडते, त्या माथाड्याला, हमालाला असं सांगणं मला तरी जमणार नाही. पण श्वासाविषयी बोलता येईल. जोर लावण्याच्या क्षणी श्वास सोडत राहिलं तर घशाचं दार उघडं राहतं आणि छातीतला दाब तेवढा चढत नाही. व्यायामशाळेतले जाणते उस्ताद हेच सांगतात. मला तर वाटतं, आपल्या श्रमाच्या आरोळ्यांत हे शहाणपण आधीपासून आहे. जड यंत्र रेटणाऱ्या टोळीचं "हैशा", कपडा आपटणाऱ्या धोब्याचा हुंकार, दोर ओढणाऱ्या कोळ्यांची हाळी. ऐन जोराच्या क्षणी तोंडातून आवाज निघतो, म्हणजे श्वास बाहेर पडतो. नायगाव-परळची लाडकी कबड्डी पाहा. चढाई करणारा एका दमात बोलत राहतो, त्याचा श्वास सतत सुटत असतो. दम कोंडतो तो पकड करणाऱ्यांचा. स्पर्धेतले वजन उचलणारे कण्याला आधार म्हणून मुद्दाम श्वास धरतात, ते त्यांचं शिकलेलं तंत्र आहे. पण ज्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या कच्च्या वाहिन्या आहेत किंवा ज्याच्या डोळ्यात एकदा रक्त येऊन गेलं आहे, त्याने तो मार्ग धरू नये.

आणखी एक साधी गोष्ट. दोन डोळे एकमेकांच्या चुका इतक्या बेमालूम झाकतात की एका डोळ्याची नजर गेलेली आठवडे-आठवडे कळत नाही. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्याच्यापुढे उभं राहायचं, एक डोळा तळव्याने झाकायचा, चौकटीतले आकडे पाहायचे, मग दुसरा. मध्येच डाग, वाकड्या रेघा, विजा चमकल्याचा भास, बाजूने सरकत आलेली सावली, माश्यांसारखे नवे ठिपके, यातलं काही दिसलं तर दुखण्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि खिडकीवर सांगायचं, "पडदा तपासायचाय, अचानक दिसेनासं झालंय." आपल्याला काय हवं ते नेमकं सांगितलं नाही, तर चष्म्याच्या रांगेत उभं राहण्यात अख्खा दिवस जातो.

ज्याचं रक्त होडीसारखं साचलं आहे, त्याला बरं होणं त्याच कॅलेंडरवर बघायला मिळतं. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे पडद्यावरचं रक्त खाली असलं तरी अंधार वरच्या बाजूला दिसतो. पातळी उतरू लागते तसा त्या अंधाराचा खालचा, सपाट काठ वर सरकू लागतो. मधल्या चौकटीवर नजर रोखून उभ्या राहिलेल्या त्या मुलाला आधी कॅलेंडरची तळाची ओळ दिसते. आठ-दहा दिवसांनी तिच्यावरची. मग एका सकाळी ज्या चौकटीवर नजर रोखलेली असते तिचा आकडा, फिकट, कडेला पिवळट, पण वाचता येईल असा. सगळ्यात शेवटी वर ठळक छापलेलं महिन्याचं नाव. तोवर पान उलटलेलं असतं.